दाजीबुवांचा डावा गाल

भजनी मंडळात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते टेंपोत आपोआप चढतात. जाताना टेंपोत पेटी, पखवाज, झांजा, सतरंजी आणि आम्ही मंडळी असतो. येताना एक तरी किस्सा जास्तीचा बसलेला असतो आणि सगळ्यांनी सरकून त्याला जागा करून द्यायची असते. आता तर ते इतके झालेत की कुठला किस्सा कुठल्या गावचा, याच्यावरून आमची भांडणं होतात. पण एका मोसमातले किस्से मला ओळीने पाठ आहेत. त्या मोसमात आम्ही जेवढे हबकलो, तेवढे जन्मात कधी हबकलो नव्हतो!

आमचं मंडळ जामसंड्याचं. मी दिवसा शाळेत मास्तर आणि मंडळात झांजवाला. दाजीबुवा म्हणजे आमचे गायक; पेटीही तेच वाजवतात. दिवसा त्यांचं किराणा दुकान. पखवाजावर पांडू, टेंपोही त्याचाच. कोरसमध्ये आप्पा. आप्पा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, आप्पा मात्र अजून चालू आहेत!

आणि समोरच्या बाजूला आचऱ्याचे बाबलबुवा. आमच्याकडे डबलबारी असते. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने आपल्या बारीत, म्हणजे पाळीत, गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊन त्याचं उत्तर द्यायचं. मध्ये एकमेकांना यथेच्छ टोमणे. दाजीबुवा आणि बाबलबुवा यांचा सामना म्हटला की गावंच्या गावं लोटतात. स्टेजच्या बाहेर मात्र हे दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. बाबलबुवांचं नाव आमच्या टेंपोत काढायला बंदी होती. फारच गरज पडली तर "आचऱ्याचा तो" म्हणायचं.

*

सुरुवात सोलकढीपासून झाली.

एका देवळात दुपारचं भजन होतं आणि नंतर महाप्रसाद. दाजीबुवा आणि सोलकढी हा आमच्याकडे कौतुकाचा विषय आहे. वाढणारा पुढे सरकला की ते वाटी रिकामी करून हाक मारतात, तो परत येईपर्यंत हात तसाच पुढे. यजमान मुद्दाम त्यांच्या पानापाशी आले आणि म्हणाले, "बुवा, कढी घालू?"

दाजीबुवांनी वाटीवर हात आडवा धरला. "नको."

पंगत थांबली! पांडूच्या हातातला घास हातातच राहिला. यजमानांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मानपानात काही चुकलं.

"तसा नाय हो," बुवा म्हणाले, "आंबट लागला की गालात झोंबता. कायतरी इला हा आत."

हात धुतल्यावर आम्ही त्यांना देवळाच्या पायरीवर बसवलं. मी मोबाइलचा टॉर्च लावला. बुवांनी आ केला. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ. मी बघितली, पांडूने बघितली, आप्पांनी चष्मा लावून बघितली, मग कोरसमधल्या बाकीच्यांनी. बुवा बिचारे आ करून बसलेले. शेवटी मी टॉर्च बंद करायला गेलो तर मागून एक अनोळखी म्हातारे म्हणाले, "थांबा हो, माका मिळूक नाय अजून!"

वळून बघतो तर मागे रांग! काहीतरी वाटतायत असं समजून अर्धी पंगत उभी राहिली होती.

*

येताना टेंपोत निदानं सुरू झाली. पांडू म्हणाला, चावलं असेल. कोरसवाल्यांच्या मते दृष्ट लागली होती. आप्पांनी शांतपणे खिडकीबाहेर बघत "उष्णता" असं एकाच शब्दात सांगितलं. आप्पांच्या मते जगात दोनच रोग आहेत, उष्णता आणि वारा. ज्याला उष्णता नाही त्याला वारा झालेला असतो.

मी शिकलेला माणूस. मी मोबाइल काढला आणि शोधलं. पहिल्याच ओळीत तो शब्द आला. दाजीबुवांच्या तोंडात सकाळपासून सुपारी असते, हे मला माहीत होतं. मी मोबाइल खिशात टाकला आणि विचारल्यावर म्हणालो, "रेंज नाही."

पण मोबाइल काही गप्प बसेना! दुसऱ्या दिवसापासून तो उघडला की तोंडाच्या हॉस्पिटलांच्या जाहिराती. माझा मुलगा गेम खेळतोय, मध्येच एक डॉक्टर हसत हसत विचारतोय, "तुमच्या तोंडात गाठ आहे का?" बायकोने ते पाहिलं. मला काही बोलली नाही. आठवडाभर माझ्या पानात मऊ भात आणि फिकी आमटी पडत होती. मी म्हटलं, मासे महाग झाले असतील.

मग एका सकाळी मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. माझा हात हातात घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "मास्तर, सातवीच्या वर्गाची अजिबात काळजी करू नका. तुमचे तास आम्ही आपसात वाटून घेतलेत."

मी हबकलो! घरी आलो तर सासूबाई वेंगुर्ल्याहून येऊन माझ्या उशाशी बसायच्या तयारीत. त्यांना समजावताना माझी अशी दमछाक झाली की शेवटी मी तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "हयसर तर काय्येक नाय!" आणि त्या थोड्या नाराजच झाल्यासारख्या वाटल्या.

*

आप्पांनी उपाय सुचवला. तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. "डॉक्टरसायबांच्या येळचो उपाय हा!" म्हणाले. किती तुरटी घालायची, हे विचारायचं आमच्या लक्षात आलं नाही आणि सांगायचं त्यांच्या. बुवांनी भजनाच्या अगोदर पडद्यामागे खळखळून गुळण्या केल्या आणि येऊन पेटीवर बसले. पहिला आलाप घ्यायला गेले तर तोंड उघडेना. सगळं तोंड आतल्या आत आवळून आलेलं! ओठांचा चंबू करून त्यांनी अख्खं नमन म्हटलं. आकाराच्या जागी सगळीकडे उकार.

आम्ही घामाघूम. कोरसनेही घाबरून उकारच धरला.

भजन संपल्यावर तिथले एक जाणकार मुद्दाम भेटायला आले. बुवांचे हात धरून म्हणाले, "बुवा, आज येगळीच चाल लावलास! हल्ली अशी गायकी आयकाक मिळणा नाय."

आप्पा आजही सांगतात की तुरटीने आवाज सुधारतो.

*

गाठ मात्र होती तिथेच होती. उलट आता बुवा बोलता बोलता थांबायचे आणि जिभेने ती चाचपून बघायचे. दुकानात गिऱ्हाईक उभं, हातात तागडी, आणि बुवांची जीभ गालात. सुमनवहिनींनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, "डॉक्टराक दाखवा." बुवा म्हणायचे, "मोसम संपूदे." आमचा मोसम संपता संपता पुढचा सुरू होतो, हे वहिनींना लग्नापासून माहीत होतं.

शेवटी वहिनींनी देवाला मध्ये घ्यायचं ठरवलं. देवळात गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. तात्या देवासमोर उभे राहून मोठ्याने मागणं मागतात आणि मागची सगळी माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणून त्याला दुजोरा देतात. जत्रेचा दिवस होता, अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. बुवांनी बजावलं होतं, "कोणाक कळता नये हां. नायतर उद्यापासून बारी बंद. लोक गाणा आयकूचे नाय, माझो गाल बघीत बसतले."

म्हणून वहिनींनी गर्दीतून वाट काढत जाऊन तात्यांच्या कानाशी तोंड नेलं. आता त्याच वर्षी गावच्या पोरांनी मुंबईच्या मंडळाकडून तात्यांसाठी उपरण्याला लावायचा माइक आणला होता. तात्यांना तो दिसत नव्हता आणि वहिनींना माहीत नव्हता. कर्णे मात्र थेट तिठ्यापर्यंत लावलेले!

आम्ही नारळाच्या ढिगाशी उभे होतो. एकदम सगळ्या कर्ण्यांतून वहिनींचा हळू आवाज आला.

"तात्यांनू, ह्या फक्त देवाक आयकाक व्हया हां. दुसऱ्या कोणाक नको."

जत्रा चिडीचूप! पाळणावाल्याने पाळणा थांबवला.

"आमच्या ह्येंच्या गालात गाठ इली हा. डाव्या. पिकणा नाय, फुटणा नाय. डाक्टराकडे जावक भियतत. बारी मारतत तेवा वाघासारखे, पण सुई बघली की चादरीत शिरतत."

दाजीबुवा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा रंग नारळाच्या खोबऱ्यासारखा पांढराफटक झाला. आणि तात्या, काही न कळून, नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी जत्रा.

"दाजीबुवाच्या डाव्या गालात जी काय गाठ इली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"ती बरी कर, आणि तेका डाक्टराकडे जावची बुद्धी दी!"

असला "व्हय म्हाराजा!" त्या देवळात त्याआधी कधी घुमला नसेल. मिठाईवाले, पाळणावाले, जत्रेला आलेले परगावचे पाहुणे, सगळे मनापासून ओरडले.

संध्याकाळपर्यंत बातमी आचऱ्याला पोचली होती.

*

इतक्या लोकांनी देवासमोर साक्ष दिल्यावर बुवांना जाणं भाग होतं. मी त्यांना स्कूटरवरून कणकवलीला एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्या आधी बरीच माणसं होती. मी बुवांना बाकावर बसवलं आणि चहा आणायला गेलो.

परत येतो तर बुवा दवाखान्याच्या बाहेर उभे. चेहऱ्यावर हसू!

"झाला, मास्तरांनू! चला घराक."

"काय झालं? एवढ्यात नंबर लागला?"

"नंबर कशाक व्हयो? डाक्टर बाहेरच बसललो माज्या बाजूक. काय माणूस! टाय, बूट, चामड्याची बॅग. माका वळाखल्यान. म्हणालो, बुवा, तुमची गवळण मी यूट्यूबवर रोज आयकतंय, एक कडवा म्हणा. म्हटलंय. डोळे मिटून आयकल्यान आणि म्हणालो, आवाज एकदम फर्स्टक्लास आसा!"

"आणि गाल?"

"आवाज फर्स्टक्लास म्हटल्यावर गाल खंय रवलो? आवाज त्याच तोंडातसून येता मा!"

मला काही ते पटेना. मी आत डोकावलो. आत पेशंटच्या खुर्चीपाशी एक बाई डॉक्टर वाकून काम करत होत्या. टायवाले गृहस्थ अजून बाकावरच. मी विचारलं, "डॉक्टर, बुवांचं काय..."

"मी डॉक्टर नाही हो," ते नम्रपणे म्हणाले. "मी टूथपेस्टच्या कंपनीचा." आणि बॅगेतून एक छोटी ट्यूब काढून माझ्या हातावर ठेवली.

बुवा परत आत यायला तयार होईनात. "आज एकदा बरा म्हटल्यानी हा, आता वायट कशाक आयकू?" म्हणून स्कूटरवर जाऊन बसले, तेही पुढच्या बाजूला, चावी फिरवायच्या तयारीत. मी चिडलो. वयाने मोठे म्हणून आजवर कधी बोललो नव्हतो, पण त्या दिवशी भर रस्त्यात बोललो. म्हटलं, तुम्ही भित्रे आहात. वहिनींचा तरी विचार करा.

बुवा पुढून उतरून मागे बसले. बरंच अंतर गेल्यावर माझ्या पाठीमागून आवाज आला.

"मास्तरांनू, जोपर्यंत दाखवूक नाय, तोपर्यंत ती नुसती गाठ. दाखवली की तिका नाव येतला." आणि पुढे, "गाल कापून टाकूदेत, माका काय! पण माजो सूर थयसूनच येता. सूर गेलो तर मी किराणा दुकानदार. बाकी काय नाय."

मी स्कूटर चालवत राहिलो. मला फार वाईट वाटलं. रागही होताच.

*

आणि मग तो सामना आला. दाजीबुवा विरुद्ध बाबलबुवा. देवगड तालुक्यातलंच एक गाव, दुपार कलल्यावरची वेळ, माणूस मावत नव्हता.

आम्ही जय्यत तयारीत होतो. बाबलबुवा गाठीवरून टोमणे मारणार, हे उघड होतं. पांडूने जाहीर केलं होतं, "आचऱ्याच्या त्यान गालाचो ग काढल्यान तर मी पखवाज बाजूक ठेवन उठतलंय." पुराणातले सवाल येणार म्हणून मी कुठल्या राजाचा कुठला शाप, सगळं घोकून आलो होतो.

पहिली बारी आमची. दाजीबुवा झकास गायले. मग बाबलबुवा. अंगाने दांडगे, आवाज भरदार, कपाळाला मोठं गंध. त्यांनी नमन केलं, अभंग घेतला. टोमणा नाही! गजर सुरू झाला, चढला, लोक टाळ्यांनी ठेका धरून बेभान झाले, आणि भर गजरात बाबलबुवांनी हात वर करून सगळं थांबवलं.

"दाजीबुवा," ते म्हणाले. गाऊन नाही, नुसतं बोलून. "बारीची रीत काय? सवाल टाकलो की समोरच्यान उत्तर देवचा. बरोबर?"

"बरोबर!" दाजीबुवा तडफेने म्हणाले.

"मगे माझो सवाल आयका. तुमच्या गालात काय आसा?"

पांडू उठलाच. मी त्याचा सदरा धरून खाली ओढला. लोकांत हशा पिकायच्या बेतात होता, पण बाबलबुवांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हशा तसाच विरून गेला.

दाजीबुवांनी माइक हातात घेतला. हा माणूस उत्तराला कधी अडलेला मी पाहिला नव्हता. माहीत नसलं तर तिथल्या तिथे पुराण रचून सांगायचे!

"माका म्हायत नाय," ते म्हणाले.

डबलबारीच्या स्टेजवर कुठल्याही बुवाने हे वाक्य उच्चारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. समोर बायका तोंडाला पदर लावून बसल्या.

"मगे उत्तर घेवन येवा," बाबलबुवा म्हणाले. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि खटका लावला. "तुमी उत्तर हाडल्याशिवाय मी तुमच्या समोर बसूचंय नाय. आणि दुसऱ्या कोणासमोर पण बसूचंय नाय."

आणि उठून चालायला लागले! गजर अर्धा, नारळ फोडायचे बाकी, आयोजकांच्या हातात सत्काराची शाल तशीच. बारी अर्ध्यावर मोडल्याचं आमच्या भागात कोणी पाहिलं नव्हतं. पांडू टेंपोत बसला तरी पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "उठान गेलो? उठान गेलो?"

आम्हाला वाटलं, स्टेजवरचं बोलणं स्टेजवर राहील. पण बाबलबुवांनी खरोखर सगळ्या बाऱ्या नाकारल्या! मग दाजीबुवांच्या दुकानात फोन सुरू झाले. या गावची जत्रा, त्या गावचा सप्ताह. "तुमच्यामुळे बाबलबुवा येत नाहीत, आम्ही काय करायचं?" ओरोसहून एका साहेबांचा फोन आला, शुद्ध ऑफिसच्या मराठीत, "बुवा, आमच्या क्वार्टर्सच्या गणपतीपुढे आपला सामना ठरला आहे. कृपया आपण आपला गाल त्वरित तपासून घ्यावा, ही विनंती!"

दाजीबुवांनी फोन ठेवला आणि वहिनींना म्हणाले, "सगळो जिल्हो माज्या तोंडात शिरलो हा गो! चल, दाखवया."

*

कुडाळला तोंडाचे एक सर्जन आहेत. यावेळी वहिनी बरोबर होत्या, त्यामुळे बुवांना बाहेर बसू दिलं गेलं नाही. डॉक्टरांनी गाठ काढली, तपासणीला पाठवली आणि काही दिवसांनी बोलावलं. ते दिवस कसे गेले ते विचारू नका. दुकान उघडं असायचं, पण गिऱ्हाइकाने साखर मागितली की बुवा मीठ द्यायचे आणि गिऱ्हाईकही काही न बोलता मीठ घेऊन जायचं.

ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. बुवा, वहिनी आणि मी, पांडू टेंपोपाशी. दवाखान्यात शिरतो तर समोरच्या बाकावर बाबलबुवा! एकटेच. गंध नाही, टोपी नाही. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तुमी हंय?" दाजीबुवांच्या तोंडून निघून गेलं. स्टेजबाहेर ते त्यांच्याशी बोलले, ते पहिल्यांदाच.

"माझो सवाल होतो. उत्तर आयकाक नको?"

आत बोलावलं तेव्हा बाबलबुवाही आमच्या मागून आत आले. डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, घरचेच असतील. त्यांनी सरळ सांगितलं, "घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या दाढेची कड तुटली आहे. ती गालाला घासून घासून ही गाठ झाली होती. साधी गाठ. दाढ घासून देतो. सुपारी मात्र बंद, आजपासून."

"आणि सूर?" दाजीबुवांनी विचारलं.

"काय?"

"आवाज म्हणतायत ते," मी सांगितलं.

"आवाजाला काय होणार आहे?"

वहिनी खुर्चीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. इतके दिवस ती बाई एकदाही रडली नव्हती. मी दारातून हात केला तसा बाहेर पांडूने टेंपोच्या पत्र्यावर असा काही ठेका धरला की दवाखान्यातली पोरं खिडकीशी धावली. दाजीबुवा हसत होते, डोळे पुसत होते. ते बाबलबुवांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "घेवा! मिळाला तुमका उत्तर. आता तारीख सांगा, खंय बसूया?"

दाजीबुवा पेशंटच्या खुर्चीतून उठले होते, त्या रिकाम्या खुर्चीत बाबलबुवा हळूच जाऊन बसले.

"डाक्टर," ते म्हणाले, "हयसर इलंयच हा तर माजा पण बघा." आणि त्यांनी आ केला.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. वाकले. जीभ बाजूला करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने बघितलं. दाजीबुवांची गाठ बघायला त्यांना एवढा वेळ लागला नव्हता. बाहेर पांडूचा ठेका चालूच होता.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"झाली दोन वर्सा."

डॉक्टरांनी हातमोजे काढले, आणि खिडकी लावून घेतली. "तुमच्याबरोबर घरचं कोणी आलंय?"

बाबलबुवांनी मानेने नाही म्हटलं.

दाजीबुवांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बाबलबुवांच्या खुर्चीसमोर मांडून त्यावर बसले.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही यांचे कोण?"

"मी ह्येंच्या समोर बसतंय," दाजीबुवा म्हणाले. "सांगा."